तपासणी मोफत असूनही बायका का येत नाहीत? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या शिबिरांविषयी

निंबोणी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आमच्या भागातल्या उपकेंद्रात मोफत होते, तिला फार तर दहा मिनिटे लागतात, आणि कर्करोगाच्या आधीची अवस्था सापडली तर साध्या उपचाराने पुढचा अनर्थ टळतो. या तिन्ही गोष्टी गावातल्या बहुतेक बायकांनी आशाताईंकडून, टीव्हीवरून किंवा भिंतीवरच्या फलकांवरून ऐकलेल्या आहेत. तरीही शिबिराच्या दिवशी बाकडी रिकामी राहतात आणि रक्तदाब, साखर तपासून घेणाऱ्या बायका आतल्या खोलीकडे न वळता परस्पर घरी जातात.

मी निवृत्त शिक्षिका असून सातारा जिल्ह्यातल्या एका महिला मंडळाचे काम पाहते. शिबिराआधी आशाताईंच्या मदतीने तीस वर्षांवरच्या बायकांची यादी करणे आणि शिबिरानंतर न आलेल्यांना भेटणे एवढाच आमचा वाटा असतो. यादीत 'न येण्याचे कारण' असा रकाना आहे. तो बहुधा कोरा असतो, नाहीतर त्यात 'वेळ नाही' असे लिहिलेले असते. घरी जाऊन, चहा होईपर्यंत टेकले, की या 'वेळ नाही'च्या पोटातून निराळीच कारणे निघतात. नेमकी त्याच दिवशी पाळी आली होती. तपासणारा पुरुष असेल अशी धास्ती होती. कशासाठी चाललीस, असे सासूबाईंनी विचारले असते तर काय सांगायचे, हे सुचले नाही. काही निघाले तर पुढचा खर्च कोण करणार, त्यापेक्षा न कळलेले बरे. आणि सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेले उत्तर म्हणजे, "मला काही त्रासच नाही, मग कशाला?" हे उत्तर सर्वांत धोक्याचे आहे, कारण ही तपासणी काही त्रास नसलेल्या बाईसाठीच असते. अंगावरून लाल जाऊ लागल्यावर जी होते ती चाळणी-तपासणी नव्हे, ते रोगाचे निदान असते.

देशाचे चित्र याहून वेगळे नाही. केंद्र सरकारने २०१६ साली मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीची चौकट आखून दिली. तीस ते पासष्ट वयाच्या माणसांची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असे तिच्यात म्हटले आहे. त्यानंतर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) तीस ते एकोणपन्नास वयोगटातल्या अवघ्या १.९ टक्के बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतल्याचे सांगितले. स्तनांच्या तपासणीचे प्रमाण ०.९ टक्के होते. दुसरीकडे जागतिक अंदाजांनुसार २०२२ या एका वर्षात भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार बायका दगावल्या.

माझे मत असे झाले आहे की आपण माहिती देण्यावर फार आणि वाट मोकळी करण्यावर फारच थोडे कष्ट घेतो. खेकड्याचे चित्र, सडलेल्या जबड्याचा फोटो आणि 'वेळीच सावध व्हा' ही ओळ पाहून माणूस घाबरतो हे खरे, पण घाबरलेला माणूस रांगेत येऊन उभा राहतो असे नाही, बऱ्याचदा तो मान वळवून निघून जातो. याविषयी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९६५ साली प्रसिद्ध झालेला एक जुना प्रयोग आहे. विषय कर्करोगाचा नव्हता, धनुर्वाताच्या लसीचा होता. विद्यार्थ्यांना रोगाची भीषण वर्णने दिली, त्यांची मते बदलली, लस घेतली पाहिजे असे ते म्हणूही लागले, पण प्रत्यक्षात सुमारे ३ टक्केच गेले. ज्यांना सोबत दवाखान्याची खूण केलेला नकाशा दिला आणि आठवड्यातल्या कोणत्या वेळी, कोणत्या वाटेने जाणार हे ठरवायला लावले, त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. दवाखाना कुठे आहे हे या मुलांना आधीही माहीत होते, ही त्यातली खरी गंमत.

आमच्याकडचा एक अनुभव सांगते. एका ठिकाणी तपासणीच्या खोलीच्या दाराला आतून कडीच नव्हती, आणि टेबल असे मांडले होते की झोपलेल्या बाईचे पाय थेट दाराकडे होत. पहिल्या दोघी-तिघी आत जाऊन आल्या आणि बाहेर येऊन त्यांनी बाकीच्यांना काय सांगितले असेल ते वेगळे सांगायला नको. दुपारनंतर कोणीही आत गेले नाही. अहवालात मात्र 'लाभार्थींमध्ये जनजागृतीचा अभाव' असे लिहिले गेले. कडी बसवायला एक सुतार आणि अर्धा तास पुरला, टेबल आम्हीच फिरवले, जुन्या साडीचा पडदा लावला, आणि पुढच्या खेपेला त्याच गावातल्या बायका आत गेल्या.

इथे आरोग्य क्षेत्रातले लोक आहेत, गावोगावचे वाचक आहेत आणि परदेशातलेही आहेत. तुमच्याकडे बायका आणि पुरुषही तपासणीला कशामुळे गेले किंवा गेले नाहीत, ते सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. मला येत्या शिबिराची आखणी बदलायची आहे.

डॉ_रानवारा

ताई, विषय चांगला मांडला आहे. काही वैद्यकीय बाबी आधी स्पष्ट करतो, कारण बायकांच्या शंकांना उत्तर देताना त्या उपयोगी पडतील.

उपकेंद्रावर जी तपासणी होते तिच्यात गर्भाशयाच्या मुखाला तीन ते पाच टक्क्यांचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असते तेच, कापसाने लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसू लागतो. कापाकापी नाही, भूल नाही. थोडे चुरचुरते, एवढेच. पाळीच्या दिवसांत ही तपासणी करत नाहीत, त्यामुळे शिबिराची एकच तारीख ठरवली की काही बायका आपोआप गळतात आणि त्यांना दुसरी तारीख कोणी देत नाही. पाळी कायमची गेल्यानंतर, जिथे असे बदल होतात तो भाग आत सरकतो आणि नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी तितकी भरवशाची राहत नाही. अशा बायकांसाठी एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू शोधण्याची, चाचणी अधिक चांगली.

दुसरी गोष्ट तपासणीच्या आधीच सांगितली पाहिजे. पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असे नाही. असा डाग दिसलेल्या बहुसंख्य बायकांना कर्करोग नसतो. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होतो, बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत निघूनही जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो त्यांच्यातल्या काहींना कर्करोग व्हायला दहा-वीस वर्षे लागतात. या मधल्या वर्षांतच आपल्याला काम करायचे असते. हा संसर्ग लैंगिक संबंधातून होतो, हे सांगताना मात्र फार जपावे लागते, कारण 'तुला हा विषाणू कुठून लागला' असा संशय घरात शिरला की ती बाई पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. मी एवढेच सांगतो की संसार केलेल्या कोणत्याही बाईला हा होऊ शकतो आणि त्यावरून कोणाच्या वागण्याविषयी काहीही सिद्ध होत नाही.

आता मूळ प्रश्न. महाराष्ट्रात बायका येत नाहीत असे सरसकट म्हणता येणार नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या शालेय शिक्षणापर्यंतच्या स्थानिक आरोग्यसेविका होत्या. तपासणीला बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के बायका आल्या, आणि तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०१३ साली जाहीर झाले. तुम्ही दिलेला १.९ टक्क्यांचा आकडा आणि हा ८९ टक्क्यांचा आकडा शेजारी ठेवून पाहावा. बायका त्याच मराठी, हिंदी, उर्दू बोलणाऱ्या, तशाच संकोची, तशाच कामाच्या रगाड्यातल्या. फरक होता तो वस्तीतच तपासणी होण्याचा, ओळखीच्या बाईने घरी येऊन बोलावण्याचा, आणि पुढच्या उपचारापर्यंत कोणीतरी सोबत असण्याचा.

गोदाकाठ

मी बीड जिल्ह्यातला आहे आणि मला या चर्चेत एक कडू गोष्ट मांडायची आहे.

आमच्या भागात 'पिशवीचा कॅन्सर' हे शब्द बायकांना नवे नाहीत. उलट, ते फार आधीपासून आणि फार वाईट तऱ्हेने पोहोचलेले आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे २०१९ साली उघड झाले, विधिमंडळात प्रश्न उपस्थित झाले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या वेळी बाहेर आलेल्या कहाण्यांमध्ये एक वाक्य वारंवार येत होते: अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते, म्हणून बाई दवाखान्यात गेली आणि 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' असे तिला सांगण्यात आले. कोयत्यावर उचल घेतलेल्या जोडप्याला खाडा परवडत नाही, पाळीच्या दिवसांतही फडात उभे राहावे लागते, राहायला पाल आणि आडोशाला काही नाही. अशा बाईला ते वाक्य पटले तर नवल नाही. तिशी-पस्तिशीत पिशवी गेली, कर्ज झाले, आणि पुढे कंबरदुखी आणि अशक्तपणा जन्मभर मागे लागला.

त्यामुळे कोणी शहरातून येऊन कॅन्सरची भीती घालू लागला की आमच्याकडच्या बायकांच्या मनात पहिला विचार येतो तो तपासणीचा नव्हे, 'आता हे पिशवी काढायला सांगणार' असा. निंबोणीताईंनी येल विद्यापीठाचे उदाहरण दिले, ते योग्यच आहे, पण आमच्याकडे भीती नुसती निरुपयोगी नाही, तिच्यावर काहींचा धंदा चालला आहे. इथे काम करायचे तर पहिले वाक्य हे असले पाहिजे की या तपासणीत पिशवी काढत नाहीत, आणि डाग सापडला तरी बहुतेक वेळा पिशवी न काढताच उपचार होतो. याला डॉक्टरांनी दुजोरा द्यावा.

शिवाय शिबिरे कधी होतात तेही पाहावे. दसरा-दिवाळीनंतर गावे रिकामी होतात आणि माणसे पाडव्याच्या सुमारास परततात. मार्चअखेरची उद्दिष्टे पुरी करण्यासाठी हिवाळ्यात भरवलेल्या शिबिराला आमच्या तांड्या-वस्त्यांवर म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरेच सापडणार.

डॉ_रानवारा

गोदाकाठ, पूर्ण दुजोरा. कर्करोगपूर्व बदल आढळल्यास तो भाग उष्णतेने किंवा अतिशीत उपकरणाने नष्ट करतात. बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. डाग आत गेलेला असेल किंवा मोठा असेल तर तेवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात. नुसते पांढरे जाते म्हणून गर्भाशय काढणे हा उपचार नव्हे. असा सल्ला कोणी दिला तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत घ्यावे.

भगवंतनगरी

बार्शीचे नाव अजून कसे आले नाही, याचे आश्चर्य वाटते.

आमच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणीचे काम सुरू केले. खेड्यातला रुग्ण आपण होऊन शहरातल्या इस्पितळात येणार नाही, हे उघड असल्यामुळे नोंदणीचे कार्यकर्तेच गावोगाव फिरत, लोकांशी बोलत, कोणाला अंगावरून जाते का, कुठे गाठ आहे का, याची चौकशी करत आणि लक्षणे असलेल्या माणसाला तपासणीला घेऊन येत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागल्या आणि १९९५ साली हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले. म्हणजे जाणीव वाढवल्याने काही होत नाही, असा सूर या धाग्यात निघू नये. जाणिवेने फरक पडतो, याचा पुरावा आपल्याच सोलापूर जिल्ह्यात आहे.

पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला आणि २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्या गावांत एचपीव्ही चाचणी आयुष्यात फक्त एकदा केली गेली, तिथे या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. आज जगभर ज्या चाचणीची शिफारस होते तिच्या पुराव्यात मराठवाड्यातल्या बायकांचा एवढा मोठा वाटा आहे. मुंबई आणि उस्मानाबाद या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नाही, यावरून नंतर कठोर टीकाही झाली आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. मात्र ज्यांच्यामुळे जगाला हे ज्ञान मिळाले त्यांच्याच जिल्ह्यात ही चाचणी अजून घरोघरी पोहोचलेली नसावी, ही मला त्याहून मोठी लाजिरवाणी गोष्ट वाटते.

निंबोणी

भगवंतनगरी, बार्शीचा दाखला मला मोलाचा वाटतो, मात्र तिथली जाणीव फलकावरची नव्हती. कोणीतरी दारात येऊन नावानिशी विचारपूस करत होते आणि त्याच माणसाबरोबर दवाखान्यात जाता येत होते. अशा जाणिवेला माझा विरोध असण्याचे कारण नाही.

टेम्सकाठची

मी बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहते. इथली व्यवस्था पाहिली की निंबोणीताईंच्या म्हणण्याला वेगळ्या बाजूने बळ मिळते.

इथे गर्भाशयमुखाची तपासणी १९६० च्या दशकापासून उपलब्ध होती. ज्या बायका जागरूक होत्या, ज्यांचे डॉक्टर उत्साही होते, त्या जात, आणि त्याच पुन्हा पुन्हा जात. ज्यांना धोका अधिक होता त्या बाहेरच राहिल्या, म्हणून मृत्यूंमध्ये म्हणावी तशी घट झाली नाही. १९८८ साली सगळ्या बायकांना यादीनुसार बोलावण्याची आणि न आलेल्यांना पुन्हा पत्र पाठवण्याची देशव्यापी पद्धत सुरू झाली. त्यानंतर येणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले आणि मृत्यू घटत गेले. लोकांचा स्वभाव बदलला नव्हता. पत्र येऊ लागले होते.

असे असले तरी इथल्या आपल्या बायका सगळ्या जातात असे समजू नये. पत्र येते, ते फ्रिजला चिकटवले जाते आणि महिनोन्‌महिने तिथेच राहते. आमच्या मराठी मैत्रिणींच्या गटात आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. एकीला पत्र आले की ती गटात कळवते, दुसरी तिला फोन करून तारीख घेतली का ते विचारते, आणि जिची पहिलीच वेळ असते तिच्याबरोबर कोणीतरी जाते. स्त्री परिचारिका हवी असे सांगता येते, मध्येच थांबवा असेही म्हणता येते, हे अनेकींना ठाऊकच नव्हते. 'थांबवा' म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे हे कळल्यावर भीती निम्मी होते.

हिशेबी_माणूस

एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. हल्ली खासगी प्रयोगशाळा रक्ताच्या एका नमुन्यावर 'संपूर्ण कॅन्सर तपासणी' करून देण्याची जाहिरात करतात. आमच्या कार्यालयातल्या काही महिला सहकाऱ्यांनी ती करून घेतली आणि आता वेगळी तपासणी नको असे त्या म्हणतात. हे बरोबर आहे काय?

डॉ_रानवारा

नाही. रक्तातल्या ज्या खुणा अशा पॅकेजमध्ये मोजतात त्या प्रामुख्याने निदान झालेल्या रुग्णाच्या उपचाराचा मागोवा घेण्यासाठी असतात. निरोगी माणसात त्या वाढलेल्या दिसल्या तरी कर्करोग असतोच असे नाही, आणि नॉर्मल आल्या म्हणून नसतोच असेही नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळण्यासाठी त्या मुखाचीच तपासणी करावी लागते, त्याला रक्ताचा पर्याय नाही. तुमच्या सहकाऱ्यांचा पैसा गेला ते एक वेळ सोडा, पण अहवाल चांगला आल्यामुळे त्या खरी तपासणी टाळत आहेत, हे नुकसान मोठे आहे. मुलींना एचपीव्ही लस अवश्य द्यावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस २०२२ मध्ये मान्य झाली आहे. मात्र लस घेतलेल्या मुलींनीही पुढे योग्य वयात तपासणी करायचीच असते.

जांभळीचा_माळ

ताईंनी पुरुषांविषयीही लिहायला सांगितले आहे, पण मी पुरुषांपासून सुरुवात करून पुन्हा बायकांकडेच येणार आहे.

मुखाच्या कर्करोगाचे नाव काढले की गुटखा खाणारा तरुण डोळ्यांसमोर येतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तो कुठे मिळतो हे शाळकरी पोरही सांगेल, तो विषय इथे वाढवत नाही. पण २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले, आणि धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. म्हणजे आपले दुखणे विडी-सिगारेटपेक्षा मळलेल्या तंबाखूचे आणि मशेरीचे आहे. मशेरी लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू खातो असे वाटतच नाही. माझी आई तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, पाट्यावर वाटायची आणि डबीत भरून चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवायची. सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे तिचे ठाम म्हणणे होते. पुढे दुपारी जेवण झाल्यावर, मग संध्याकाळी, मग झोपताना. आरोग्यसेविकेने 'तंबाखू खाता का' असे विचारले तेव्हा तिने 'नाही' असे सांगितले आणि ती खोटे बोलत नव्हती. प्रश्न 'मशेरी लावता का' असा विचारायला हवा होता.

सोडवण्याचे म्हणाल, तर आईला कॅन्सरचे फोटो दाखवून काहीही झाले नाही. तिने सकाळची पहिली वेळ तेवढी सोडली, कारण तेव्हा तिला कोमट पाणी आणि चालणे असा बदल मिळाला. बाकीच्या वेळा मग हळूहळू, बऱ्याच कुरबुरीनंतर सुटल्या. दंतवैद्याने तिला आरशात तिचाच गाल आतून दाखवला, तिथला पांढरट चट्टा दाखवला आणि मशेरी थांबवली तर हा निवळू शकतो असे सांगितले, त्याचा उपयोग माझ्या दहा वर्षांच्या व्याख्यानांपेक्षा जास्त झाला. केरळात तिरुवनंतपुरमजवळ झालेल्या मोठ्या अभ्यासातही, २००५ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी तोंडे तपासल्यावर तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमधले मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. तोंड तपासायला ना पडदा लागतो ना टेबल. बॅटरी आणि दोन मिनिटे पुरतात. तेव्हा शिबिरात आधी तोंडाची तपासणी ठेवली, तर बायकांची भीड चेपायलाही तिचा उपयोग होईल, असे मला वाटते. आणि पुरुषांनाही त्याच रांगेत बोलवावे. सोडायची इच्छा असेल त्याला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक द्यावा. तो पुडीवरच छापलेला असतो, पण पुडी फोडताना वाचतो कोण!

सावळीची_गटप्रवर्तक

मी आशांच्या कामावर देखरेख करते, म्हणून कामाच्याच भाषेत लिहिते.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक, म्हणजे आजारांचा धोका मोजण्याचा, फॉर्म आशा भरते. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातला आजार यांचे गुण मांडते आणि चारच्या वर गुण गेलेल्यांना आधी तपासणीला आणायचे असते. फॉर्म भरले जातात, त्यांची ऑनलाइन नोंदही होते. खरी गळती त्यानंतर सुरू होते. उपकेंद्रात डाग दिसला की बाईला ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवायचे असते. तिथे कोणत्या वारी कोण डॉक्टर असतात हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते, एसटी सकाळची एकच असते, आणि तिथे पोहोचल्यावर 'आज मॅडम नाहीत, गुरुवारी या' असे ऐकावे लागले तर ती बाई गुरुवारी जात नाही. तिच्या शेजारच्या चौघीही मग तपासणीला येत नाहीत. त्यामुळे आम्ही आता रुग्णालयात आधी फोन करून वार नक्की करतो आणि डाग दिसलेल्या दोघी-तिघींना एकाच दिवशी, आशासोबत, एकाच गाडीने नेतो. एकटीला पाठवत नाही.

आणखी एक गोष्ट, जी वरून ठरवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. यादीत बाईच्या नावापुढे जो मोबाईल क्रमांक असतो तो पुष्कळदा तिच्या नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. तपासणीचा निरोप त्या क्रमांकावर गेला की घरभर होतो. म्हणून निरोप कुणाकडे द्यायचा, हे मी बाईलाच विचारायला सांगितले आहे. कोणी बहिणीचा नंबर देते, कोणी शेजारणीचा, कोणी म्हणते तुम्हीच या, फोन करू नका.

आशांच्या बाजूनेही सांगते. त्यांच्याकडे लसीकरण, बाळंतपणे, क्षयरोग, सर्वेक्षणे यांचा आधीच ढीग आहे. ज्या आशांनी स्वतः तपासणी करून घेतली त्यांच्या गावातून बायका अधिक आल्या, हे मी पाहिले आहे. 'मी करून घेतली, एवढे-एवढेच होते' हे सांगणारी बाई समोर असली की बाकी समजावणीची फारशी गरज पडत नाही. म्हणून प्रत्येक फेरीत पहिला दिवस आम्ही आशा, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांच्यासाठी ठेवतो.

निंबोणी

सर्वांचे आभार. येत्या शिबिराची आखणी मी पुढीलप्रमाणे बदलत आहे. त्यात त्रुटी दिसल्यास सांगावे.

यादीतला 'न येण्याचे कारण' हा रकाना काढून टाकत आहे. त्याऐवजी शिबिराच्या आधीच तीन गोष्टी विचारून लिहिणार: कोणत्या दिवशी आणि कितीच्या सुमारास येणार, सोबत कोण येणार, आणि निरोप कुणाकडे द्यायचा. पाळीची अडचण आली तर दुसरी तारीख तिथल्या तिथे द्यायची, म्हणून शिबिराला दोन तारखा, मध्ये पंधरा दिवसांचे अंतर, आणि दोन्ही बाजाराचा वार टाळून. पहिला मान आशा, अंगणवाडी सेविका आणि आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला, म्हणजे मलाही. माझी पाळी जाऊन बरीच वर्षे झाली आहेत, तेव्हा डॉक्टरांनी म्हटल्याप्रमाणे माझ्यासाठी एचपीव्ही चाचणीची चौकशी जिल्हा रुग्णालयात करणार आहे. तोंडाची तपासणी बाहेरच्या ओट्यावर, स्त्री-पुरुष सगळ्यांची, आणि प्रश्न 'मशेरी लावता का' असाच. पत्रकावरचा खेकडा काढला असून, 'या तपासणीत पिशवी काढत नाहीत. तपासणारी बाईच असते. दार आतून बंद असते.' ही तीन वाक्ये ठळक छापायला दिली आहेत.

सावळीच्या ताई, रुग्णालयात आधी फोन करून वार ठरवता असे तुम्ही लिहिले आहे. तो फोन तुम्ही कुणाला करता, स्त्रीरोग विभागात थेट की असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात? आमच्याकडे दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवतात.

सावळीची_गटप्रवर्तक

कक्षातल्या समुपदेशकांना करावा. स्त्रीरोग विभागाचे बाह्यरुग्ण वार त्यांना ठाऊक असतात आणि डाग दिसलेल्या बायकांची नोंदही त्यांनाच ठेवायची असते, त्यामुळे ते टाळत नाहीत. फोन सकाळी दहाच्या आत करावा, नंतर रांग लागते. आणि बायकांची नावे आदल्या दिवशी लिहून द्यावीत, म्हणजे केसपेपरसाठी पुन्हा उभे राहावे लागत नाही.